गव्हातली हिरवी रेघ

निवृत्त झाल्यावर माणसाचा फोन शांत होतो म्हणतात. माझा झाला नाही. बनारसच्या ब्रह्मा घाटावरच्या आमच्या गल्लीत कोणाची मुंज ठरली, कोणाच्या पुतण्याचं लग्न ठरलं की विचारणा येतेच, "मावशी, ड्रोनने शूटिंग करायचंय. तुम्ही एअरपोर्टवर होतात ना, परमिशन कोणाकडून घ्यायची?" मी विचारते, "कुठे उडवणार?" उत्तर येतं, "वर."

या 'वर'चा हिशेब ठेवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मी हवाई वाहतूक नियंत्रक होते. विमानतळावर काचेच्या खोलीचा जो उंच मनोरा दिसतो, तिथे बसून विमानांना कधी उतरायचं, कधी उडायचं, कोणी कोणासाठी थांबायचं हे सांगणारी माणसं असतात, त्यांतली एक. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना "सून विमानात आहे" असंच सांगत. वेदपाठशाळेत शिकवणारा माझा भाऊ अजून विचारतो, "आकाशाला मालक कोण, की त्याची परवानगी लागावी?" मी त्याला सांगते, मालक कोणी नाही, म्हणूनच रांग लावायला कोणीतरी लागतं.

बऱ्याच गावांच्या बदल्या भोगून शेवटची काही वर्षं मी माझ्याच गावी, बनारसला आले. आमचा विमानतळ शहरापासून चांगला लांब, बाबतपूरला. तेव्हा ड्रोनचं खूळ नुकतंच वाढायला लागलं होतं. ड्रोनच्या परवानग्यांचे अर्ज हे टॉवरमधल्या तरुण मंडळींना झंझट वाटे. कोणालाच नको असलेलं ते टेबल माझ्याकडे आलं आणि मला ते फार आवडलं. विमानाच्या वैमानिकाशी आपण वर्षानुवर्षं बोलतो, पण त्याचं तोंड दिसत नाही. इथे माणूस समोर येऊन बसे आणि आपल्याला आकाशात काय हवंय ते सांगे.

नियम थोडक्यात सांगते. सरकारने देशाच्या आकाशाचा एक रंगीत नकाशा केलेला आहे. हिरव्या भागात ठरावीक उंचीपर्यंत ड्रोन खुशाल उडवा. पिवळ्या भागात आमच्यासारख्यांना विचारून. लाल भागात जवळजवळ नाहीच. विमानतळाच्या आसपासचा मुलूख पिवळा नाहीतर लाल. हौशी माणसाच्या छोट्या ड्रोनला नोंदणी लागते, उडवणाऱ्याला परवाना लागत नाही, पण जागेची परवानगी त्यालाही चुकत नाही. आणि आमच्या होकारानंतर पोलिसांचाही होकार लागतो. घाटांवर तर त्यांची बंदी वरचेवर असतेच.

लोक यायचे ते कशाकशासाठी. धावपट्टीच्या कुंपणाला लागून शेत असलेला एक शेतकरी आला होता. त्याला ड्रोनने नीलगायी हाकलायच्या होत्या. मी विचारलं, "हाकलून कुठे पाठवणार?" तो म्हणाला, "तुमच्या बाजूला." धावपट्टीवर नीलगाय म्हणजे उतरत्या विमानाला अपघातच. त्याला नाही म्हणावं लागलं, पण चहा पाजून. दुसऱ्या एकाला वधूच्या गळ्यात पडायची वरमाला ड्रोनने वरून सोडायची होती. त्याला मी विचारलं, नेम चुकून ती सासऱ्यांच्या गळ्यात पडली तर? तो पुन्हा आला नाही.

अशांतच एकदा उर्मिला मौर्य आल्या.

थंडीचे दिवस होते. साठी ओलांडलेली बाई, अंगावर तपकिरी शाल, हातात स्टीलच्या डब्याची पिशवी. मला वाटलं कोणाला सोडायला आलेल्या, वाट चुकून इकडे आल्या. त्या खुर्चीवर बसल्या, पिशवीतून डबा काढला, डब्यातून मऊ फडक्यात गुंडाळलेला ड्रोन काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. त्या हिंदीत बोलत होत्या. मी इथे मराठीत लिहिते आहे.

"मुलीने बेंगळूरुहून पाठवलाय, नातवंडं आली की त्यांचे फोटो काढायला," त्या म्हणाल्या. "मला मात्र माझ्या शाळेमागचं शेत वरून बघायचंय. त्या शेतावरून तुमची विमानं जातात, म्हणून विचारायला आले."

धावपट्टीच्या पूर्वेला एक गाव आहे, तिथल्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. शिक्षिकेला तिकडे 'बहनजी' म्हणतात. निवृत्त झाल्या तरी गावाच्या त्या बहनजीच होत्या आणि शाळेच्या समितीवरही होत्या.

"शेतात काय बघायचंय?" मी विचारलं.

"एक नदी. नदी म्हणजे, असलीच तर लहानसा ओढा. आता वर काही नाही. पण खाली असावा असं मला पुष्कळ वर्षांपासून वाटतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. शाळेची मागची भिंत दर पावसाळ्यात एकाच जागी तडकायची. दोनदा बांधून काढली, तिसऱ्यांदा ती जागा खचली आणि भिंत कलली. सगळे म्हणाले, विटा कच्च्या. भिंतीपलीकडे गव्हाचं शेत. फाल्गुनात गहू पिवळा पडायला लागला की त्या शेतात एक पट्टा हिरवाच राही, इतर पिकाच्या मागून पिके. उर्मिलाजींनी मुलींना नकाशे शिकवता शिकवता दोन्ही गोष्टी जोडल्या. जमिनीखाली जुना बुजलेला ओढा असेल तर तिथे खाली वाळू आणि तिच्यात मुरलेलं पाणी. वरचं पीक हिरवं राहणार, वरची भिंत खचणार.

"आता ते शेत शाळेला दान मिळालंय," त्या म्हणाल्या. "कापणी झाली की तिथे मुलींसाठी दुमजली इमारत बांधायची आहे. मी समितीत सांगितलं की जरा थांबा, खाली बघा. आमचे प्रबंधक मिश्राजी म्हणाले, इंजिनीयरने दोन जागी खड्डे घेऊन माती तपासली आहे, उत्तम आहे. दोन्ही खड्डे पट्ट्याच्या बाहेर पडलेत असं मला वाटतं. पण वाटण्यावर इमारत कोण अडवणार?"

"शाळेच्या गच्चीवरून नाही दिसत?"

"हिरवं दिसतं. कुठून येतं, कुठे जातं, ते नाही दिसत. दिसलं तर ती वळणं घेणारी वाट आहे की नुसता खताचा डाग, ते कळेल."

"इंटरनेटवर उपग्रहाची चित्रं असतात की."

"पाहिली. कधी पावसानंतरची, कधी कापणीनंतरची. गहू अर्धा पिवळा, अर्धा हिरवा असतो ते थोडे दिवस त्यात नाहीत. तेच मला पाहिजेत. होळीच्या आसपासचे."

ड्रोनसाठी आलेल्या माणसांना मी बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांत नाही म्हणायची. या बाईला नाही म्हणायला माझी जीभ वळेना. त्या गेल्यावर मी वर टॉवरमध्ये गेले आणि दुर्बिणीने पूर्वेकडे पाहत बसले. शाळा दिसली. कलती भिंत दिसली, किंवा दिसल्यासारखी वाटली. शेत म्हणजे नुसती एक चपटी हिरवी फीत. इतक्या लांबून, इतक्या तिरक्या नजरेने काही कळणं शक्य नव्हतं. त्या शेतावरून मी किती विमानं उतरवली असतील, आणि ते शेत मला आजवर दिसलंच नव्हतं. आमच्या भाषेत ती नुसती 'उतरणीची वाट' होती.

त्याच आठवड्यात एक ओळखीचे कॅप्टन चहाला वर आले होते. मी त्यांना विचारलं, "उतरताना पूर्वेच्या शाळेमागे गव्हात काही दिसतं का हो?" ते हसले. "मॅडम, त्या जागी मी गहू बघायला लागलो तर तुम्ही मला पुन्हा उतरू द्याल का?"

अर्ज मी आमच्या मुख्य साहेबांकडे, चतुर्वेदी साहेबांकडे नेला. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"बरोबर उतरणीच्या खाली."

"हो साहेब. पण तिथे विमान बरंच उंच असतं. ड्रोन शाळेच्या झाडांच्या थोडा वर राहील."

"राहील, असं तुम्ही म्हणता. बिघडला, वाऱ्याने उडाला तर?" ते शांतपणे म्हणाले. "मिसेस पटवर्धन, एका बाईच्या कुतूहलासाठी मी विमान धोक्यात घालू?"

त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या खुर्चीत मीही हेच म्हटलं असतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, आकाश एवढं मोठं, त्यात एवढासा ड्रोन. पण उतरणारं विमान आकाशात नसतंच, ते एका तिरक्या अरुंद बोगद्यात असतं, आणि त्या बोगद्यात चिमणीचासुद्धा भरवसा धरता येत नाही.

मी म्हटलं, "विमानांच्या मधली वेळ देऊ. सकाळी एक फट असते. ड्रोन त्या फटीत वर जाईल आणि फट संपायच्या पुष्कळ आधी खाली येईल. मी टॉवरमध्ये फोन धरून उभी राहीन. शाळेत आपला सुरक्षेचा एक जवान असेल."

"आणि त्या बाईंनी ऐकलं नाही तर?"

याचं उत्तर शोधायला मी स्वतः गेले.

उर्मिलाजी गावात ड्रोन उडवू शकत नव्हत्या, पण त्यांना तो शिकायचा तर होता. त्यांच्या बहिणीचं शेत होतं रामनगरच्याही पुढे, नकाशात हिरव्या रंगात. दर रविवारी त्या बस बदलत, पुलावरून गंगा ओलांडून तिकडे जात आणि दिवसभर सराव करत. एका रविवारी मीही गेले. त्यांच्या बहिणीने शेताच्या बांधावर खाट टाकून दिली होती, मटारची घुगनी, म्हणजे आपली उसळच, केली होती. उर्मिलाजींनी शाल कमरेला खोचली आणि ड्रोन वर नेला.

मी त्यांना मुद्दाम त्रास दिला. ड्रोन दूर गेला की मध्येच म्हणायची, "उतरवा." पहिल्या वेळी त्या तो वळवून आपल्याकडे आणायला लागल्या.

"आणू नका," मी म्हटलं. "जिथे आहे तिथेच उतरवा."

"पण तिथे तर वांगी आहेत."

"वांग्यांत उतरवा. परत आणण्यात जो वेळ जातो तो तुमचा नाही, विमानाचा आहे."

त्या म्हणाल्या, "हे कोणी सांगितलंच नव्हतं." त्यानंतर मी जितक्या वेळा 'उतरवा' म्हटलं, तितक्या वेळा ड्रोन सरळ खाली गेला. मग त्या मुकाट्याने जाऊन तो वांग्यांतून, मिरच्यांतून उचलून आणत.

दुपारी त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. इतकी वर्षं मी शब्दांनी विमानं वर-खाली केली, पण स्वतःच्या बोटांनी काही उडवलं नव्हतं. ड्रोन वर गेला आणि पडद्यावर आम्ही तिघी दिसलो, खाटेशेजारी तीन ठिपके, मागे आमच्या लांबट सावल्या. "आपण अशा दिसतो होय," उर्मिलाजींची बहीण म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

सोमवारी मी चतुर्वेदी साहेबांना सांगितलं, "बाई ऐकतात." त्यांनी बराच वेळ कागद चाळला. मग अटी घातल्या. उंची कमी, वेळ थोडी, वारा वाढला तर रद्द, एकच संधी. सही केली. पुढे पोलीस ठाण्याचा होकार मिळवायला उर्मिलाजींना अनेक चकरा माराव्या लागल्या. ठाण्याचे दरोगा विचारायचे, "बहनजी, सापडलं काय? जमिनीत सोनं आहे का?" तोवर शिमगा जवळ आला आणि गहू रंग बदलायला लागला.

ठरलेल्या दिवशी हवा स्वच्छ होती. मी टॉवरच्या पूर्वेच्या काचेशी दुर्बीण घेऊन उभी, कानाला फोन. माईकवर माझा सहकारी. सकाळचं शेवटचं विमान उतरून धावपट्टीवरून बाहेर पडलं आणि मी म्हटलं, "उर्मिलाजी, चला."

"गेला वर," त्या म्हणाल्या. दुर्बिणीत मला तो दिसला नाही, इतका लहान. फोनमधून त्यांच्या भोवतीची कुजबुज ऐकू येत होती. अर्धं गाव जमलेलं असावं.

"काय दिसतंय?" मला राहवेना.

"दिसतंय, मॅडमजी." त्या म्हणाल्या. "आंब्याच्या बागेतून येतंय. सरळ नाही. वळण घेऊन येतंय."

तेवढ्यात मागून सहकाऱ्याचा आवाज आला. एक छोटं विमान, गंभीर रुग्णाला इथल्या मोठ्या इस्पितळात आणणारं, वेळेच्या बरंच आधी आमच्या हद्दीत पोचलं होतं आणि पूर्वेकडून थेट उतरायची परवानगी मागत होतं. अशा विमानाला थांबवत नाहीत.

"उतरवा," मी फोनवर म्हटलं.

"भिंतीपर्यंतच आलाय, अजून पुढचं..." त्या अर्ध्यावर थांबल्या. मग म्हणाल्या, "उतरवते." आणि लगेच, "उतरला. गव्हात आहे. कुठे ते माहीत नाही, पण जमिनीवर आहे. पंखे बंद."

त्यांच्या शेजारी उभ्या जवानाने फोन घेऊन तेच पुन्हा सांगितलं. मी अंगठा उंचावून सहकाऱ्याला खूण केली. विमान अजून कितीतरी लांब होतं. थोड्या वेळाने ते शाळेवरून गेलं आणि उतरलं. खाली रुग्णवाहिका तयार होती. तिचा दिवा गेटबाहेर जाईपर्यंत मी काचेशीच उभी होते.

ड्रोन सापडायला दुपार झाली. उभ्या पिकात वाकून बायकांनी शोधला. एक पातं मोडलं होतं.

चतुर्वेदी साहेबांनी मला बोलावून घेतलं. "बघितलंत? म्हणून मी नाही म्हणत होतो."

"बघितलं साहेब. विमान उतरणीला लागायच्या आधी ड्रोन जमिनीवर होता. म्हणूनच मी हो म्हणत होते."

मी उर्मिलाजींनी पाठवलेली चित्रं त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा काढून फोन जवळ घेतला. पिवळ्या पडलेल्या गव्हातून एक गडद हिरवा पट्टा आंब्याच्या बागेतून निघाला होता, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळून बरोबर कलत्या भिंतीखाली येऊन पोचला होता. तिथे चित्र संपत होतं. इमारतीची जागा त्यापुढे, शेताच्याच दुसऱ्या टोकाला होती.

साहेबांनी ते मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. मग विचारलं, "आणि ही पुढे कुठे जाते?"

"तेच तर राहिलं."

"कापणी कधी?"

"या आठवड्यात सुरू होईल."

त्यांनी फोन परत दिला. "परवा सकाळची फट बघा," ते म्हणाले. "आणि चित्रं आली की मला आधी दाखवा."

दुसऱ्या वेळी पछुवा सुटला होता, त्या दिवसांतला पश्चिमेचा कोरडा वारा. अजून अटीच्या आत होता, पण वाढत होता. उर्मिलाजींनी नवं पातं बसवलं होतं. ड्रोन वाऱ्याशी झगडत पुढे गेला. माझी हाक यायच्या आधीच उर्मिलाजींनी तो उतरवला आणि म्हणाल्या, "झालं."

पट्टा भिंतीखालून पुन्हा शेतात वळला होता. इमारतीची, पिकात झेंड्या रोवून आखलेली जागा त्याने तिरकी कापली होती आणि पुढे जुन्या वीटभट्टीच्या खोलगट जागेकडे जाऊन तो विरत होता. मातीच्या तपासणीचे दोन्ही खड्डे चित्रात स्पष्ट दिसत होते, एक पट्ट्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला. नेमके दोन काठांवर.

समितीच्या बैठकीला मी हजर नव्हते. उर्मिलाजींनी नंतर सांगितलं. मिश्राजी वाईट माणूस नव्हेत. इमारतीसाठी कितीतरी वर्षं दारोदार फिरून त्यांनीच लोकांना तयार केलं होतं, आणि पावसाळ्याआधी पाया पडला नाही तर सगळं विस्कटेल या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. त्यांनी चित्र पाहून म्हटलं, "हिरवं आहे, कबूल. खत जास्त पडलं असेल."

"खत टाकणारा इतकी वळणं घेत चालतो का, मिश्राजी?" उर्मिलाजींनी विचारलं. "मला इमारत नको आहे असं नाही. त्या खोल्यांत मुली बसणार आहेत. एक खड्डा मी सांगते तिथे घ्या. खाली चांगली माती लागली तर मी समिती सोडते."

मिश्राजी उठले. "समिती सोडायची भाषा कशाला," ते म्हणाले, "चला, आत्ताच खणू."

गहू कापून झाला होता. दोन मजूर खणत होते, भोवती शाळा जमली होती. पुरुषभर खोल जाईपर्यंत साधी पिवळी माती येत राहिली. उर्मिलाजी मला म्हणाल्या, "तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण आयुष्यभर मुलींना खोटं शिकवलं की काय." मग फावड्याचा आवाज बदलला. करकर आवाज यायला लागला. वर आली ती राखाडी, ओली, धुतलेली वाळू आणि तिच्यात गोगलगायींचे पांढरे शंख. मिश्राजींनी खाली वाकून मूठभर उचलली, मूठ दाबली, बोटांतून पाणी निथळलं. ते एवढंच म्हणाले, "पाया इथे पडला असता."

इमारत शाळेच्या दुसऱ्या अंगाला सरकवली. तिथे मुलींचं खेळाचं मैदान होतं. ते गेलं, म्हणून मुली उर्मिलाजींवर चांगल्याच रुसल्या, काही जणी तर बरेच दिवस बोलत नव्हत्या. उर्मिलाजींनाही ते लागलं होतं. कापलेल्या शेतात नवं मैदान आखून झालं तेव्हा कुठे अबोला सुटला. मैदानाच्या कडेचा तो खड्डा मात्र उर्मिलाजींनी बुजवू दिला नाही. भोवती बांबूचं कुंपण घालून ठेवला.

मी त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी चतुर्वेदी साहेबांनी विचारलं, "त्या टेबलावर किती जणांना हो म्हणालात?" मी म्हटलं, थोड्यांना. खरं सांगायचं तर ज्यांना नाही म्हटलं त्यांतले काही अजून आठवतात. त्यांनाही काही बघायचं असेल, आणि मला त्यांना अजून दोन प्रश्न विचारायला हवे होते. नीलगायींच्या शेतकऱ्याचं त्या वर्षी किती पीक गेलं, मला माहीत नाही.

भाद्रपदात एक दिवस सकाळी उर्मिलाजींचा फोन आला. "दीदी, येता का? मुलींचा आणि माझा वाद झालाय. तिसरं माणूस पाहिजे."

मी गेले. खड्ड्यात पाणी चढलं होतं. पावसाचं गढूळ पाणी नव्हे, तळ दिसेल असं नितळ. वरच्या वर्गातल्या मुली कुंपणाभोवती उभ्या होत्या. उर्मिलाजींनी गव्हाची एक वाळकी काडी पाण्यावर टाकली होती आणि ती काडी एका बाजूला सरकत होती. त्यांचं म्हणणं, पाणी वाहतंय. खड्ड्याच्या पश्चिमेच्या कडेतून झिरपून येतं आणि पूर्वेला वाळूत शिरतं. एका धिटुकल्या मुलीचं म्हणणं, "नाही बहनजी, हवा ढकलते आहे."

"मग हवा थांबवून बघू," मी म्हटलं.

हे सांगायला माझी गरज नव्हती, पण उर्मिलाजी तिसऱ्या माणसासाठी थांबल्या होत्या. मुलींनी आपापल्या ओढण्या काढल्या, टोकांना टोकं धरून खड्ड्याभोवती गोल केला आणि पार जमिनीपर्यंत खाली धरल्या. ज्या मुलीने वाद घातला होता ती सगळ्यात घट्ट धरून उभी होती. आत वारा नव्हता. पाण्यावरचे तरंग विरले, इतके की त्यात आमचे वाकलेले चेहरे दिसायला लागले. उर्मिलाजींनी नवी काडी अगदी मधोमध अलगद ठेवली आणि हात काढून घेतला.

काडी जागच्या जागी राहिली. मग ती थोडीशी फिरली, तिचं टोक पूर्वेकडे झालं, आणि ती निघाली. इतकी हळू की निघाली हे कळायला वेळ लागला. एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जात ती पलीकडच्या भिंतीशी पोचली, मातीला टेकली आणि तशीच थरथरत राहिली.

शाळेची घंटा झाली. ओढण्या कोणीच सोडल्या नाहीत. त्या वाद घालणाऱ्या मुलीने एका हाताने ओढणी धरून दुसऱ्या हाताने कुंपणाजवळची एक काडी उचलली आणि उर्मिलाजींकडे न बघता पाण्यावर ठेवली.